नोंदवहीतली माणसं

कुठल्याही मराठी संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना घ्या. विषयपत्रिका संपली की खाली एक टीप असतेच: ‘गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तीस गणसंख्येचे बंधन राहणार नाही.’ म्हणजे बोलावणं पाठवतानाच धरून चाललेलं असतं की पुरेशी माणसं येणार नाहीत. सभासदांना ही टीप इतकी पाठ असते की साडेपाचची सभा असली तर जाणती मंडळी सहालाच उगवतात. साडेपाचला फक्त कार्यवाह, अध्यक्ष आणि सतरंजी घालणारा शिपाई असतो. तहकुबीची नोंद इतिवृत्तात होते, चहा होतो आणि मग खरी सभा सुरू होते.

लोकांना रस उरला नाही, असा याचा अर्थ लावला जातो. थोडंफार खरंही आहे. पण टीपेचा उगम बहुतेक वेळा लोकांच्या आळसात नसतो, तो संस्थेच्या कपाटातल्या एका जाड वहीत असतो. समजा सभासद नोंदवहीत 1,200 नावं आहेत आणि संस्थेच्या घटनेत गणसंख्या, म्हणजे सभेला किमान हजर हवीत ती माणसं, एक-पंचमांश लिहिली आहे. म्हणजे 240 माणसं हवीत. सभागृहात खुर्च्या 150. ही सभा वेळेवर सुरू होणं खुर्च्यांनाच मान्य नाही. त्या 1,200 पैकी हयात किती, हा प्रश्न तर कुणी विचारलेलाच नसतो.

वही जरा जवळून बघण्यासारखी असते. रकाने असे: अनुक्रमांक, प्रवेशाची तारीख, नाव, पत्ता, सभासदत्वाचा वर्ग, भरलेली रक्कम, पावती क्रमांक, कार्यकारिणीच्या ठरावाची तारीख, सही आणि शेवटी शेरा. पहिल्या काही पानांवरचं अक्षर टाकाचं, वळणदार. पुढे बॉलपेन येतं, मग मधेच संगणकावरून काढलेले कागद डिंकानं चिकटवलेले. शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीनं ‘कै.’ लिहिलेलं सापडतं. कुणी लिहिलं, कधी, कशावरून, काही ठाऊक नाही. बहुधा एखाद्या जुन्या कार्यवाहांनी पेपरातली निधनवार्ता वाचून खूण करून ठेवली असावी. पण पेन्सिलीचं ‘कै.’ माणसाला यादीतून काढत नाही. त्यासाठी मृत्यूचा दाखला किंवा घरच्यांचं पत्र लागतं, कार्यकारिणीचा ठराव लागतो आणि त्या ठरावाची तारीख शेऱ्यात शाईनं पडावी लागते. टपालानं परत आलेल्या पाकिटावर पोस्टमननं ‘मयत’ लिहिलं असलं तर तो धागा झाला, पुरावा नव्हे. ‘घर बंद’ आणि ‘पत्ता सोडून गेले’ हे तर धागेही नव्हेत. ती माणसं पुण्याहून वाकडला किंवा दादरहून बदलापूरला गेलेली असतात आणि त्यांचं मत शाबूत असतं.

मेलेली नावं वहीत राहिली तर बिघडतं काय? रोजच्या कारभारात काही नाही. सभा अर्ध्या तासानं होतेच. बिघडतं ते संस्थेला आपला उद्देश बदलायचा किंवा वाढवायचा असतो तेव्हा. आपल्याकडच्या बहुतेक वाचनालयं, मंडळं, साहित्य संस्था 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. त्याच वेळी त्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खालीही नोंदलेल्या असतात; लेटरहेडवरचा ‘एफ’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक तिथला. 1860 च्या कायद्याचं कलम 12 असं सांगतं: उद्देशातल्या बदलाचा लेखी अहवाल विशेष सभेच्या 10 दिवस आधी प्रत्येक सभासदाला गेला पाहिजे, ठरावाला सभासदांच्या तीन-पंचमांश मतांची मान्यता हवी आणि महिन्याच्या अंतरानं दुसरी विशेष सभा घेऊन हजर सभासदांच्या तीन-पंचमांशांनी तो कायम करायला हवा. दोन सभांची भाषा वेगळी आहे, हे चटकन लक्षात येत नाही. दुसऱ्या सभेला ‘हजर’ सभासदांचे तीन-पंचमांश, पहिलीला नुसतं ‘सभासदांचे’. आपल्या 1,200 च्या वहीत तो आकडा 720 होतो. त्यातले 400 जण वर गेले असतील तर राहिलेल्या 800 पैकी 720 जणांना एका संध्याकाळी एका बाजूनं उभं करावं लागेल. या कलमात मुखत्याराकरवी मत देण्याची सोय आहे, पण मेलेल्याचा मुखत्यार कोण होणार? शंभर वर्षांपूर्वीच्या घटनेतला एखादा कालबाह्य उद्देश घेऊन संस्था तशाच चालत राहतात त्याचं हे एक कारण आहे. विरोध कुणाचाच नसतो. बदलाच्या वाटेत पेन्सिलीचे ‘कै.’ उभे असतात.

या वहीत सगळ्यात जास्त पानं आजीव सभासदांची. आजीव सभासदत्व ही आपल्या संस्थांची लाडकी कल्पना. एकदा पैसे भरा, जन्मभर सभासद राहा. संस्थेला एकरकमी पैसे मिळतात, सभासदाला दरवर्षीची कटकट नको. हिशेब मात्र कुणी मांडत नाही. वार्षिक वर्गणी 300 रुपये आणि आजीव 3,000 धरा. ते 3,000 कायम निधीत ठेवले आणि बँकेनं 7 टक्के दिले तर वर्षाला 210 रुपये सुटतात. म्हणजे आजीव सभासदाकडून संस्थेला पहिल्याच वर्षापासून वार्षिकापेक्षा 90 रुपये कमी मिळतात आणि भाव वाढत जातात तशी ही तूट वाढत जाते. ज्यांनी फार पूर्वी 101 रुपये भरले त्यांच्या रकमेचं वर्षाचं व्याज 7 रुपये. त्यांना जाणारा छापील वार्षिक अहवाल आणि त्याचं टपाल यातच ते केव्हाच ओलांडलं गेलं. त्यातही हे पैसे खरोखर कायम निधीत गेले असतील तर. पुष्कळ ठिकाणी आजीव वर्गणी त्याच वर्षीच्या उत्पन्नात दाखवून पगारावर आणि रंगरंगोटीवर संपवलेली असते. ताळेबंदात ‘आजीव सभासद निधी’ ही ओळ आहे का आणि तेवढी मुदत ठेव दुसऱ्या बाजूला दिसते का, हे सभेत विचारायला हरकत नसते. सहसा कुणी विचारत नाही.

मताच्या दृष्टीनं आजीव सभासदाची खुबी वेगळी आहे: तो कधी थकबाकीदार होत नाही. त्याच 1860 च्या कायद्याच्या कलम 15 नुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकली आहे त्याला त्या वेळी मत नाही, आणि तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. हे शेवटचे शब्द महत्त्वाचे. थकबाकीदाराचं नाव गणसंख्येच्या हिशेबातूनही गळतं. म्हणजे दरवर्षी वाचनालयात येणारा, पुस्तकं हाताळणारा, पंखा बिघडला तर ओरडणारा वार्षिक सभासद वर्गणी विसरला की मत गमावतो. आणि 1978 साली एकदाच पैसे भरून परगावी गेलेला आजीव सभासद निवडणुकीच्या वर्षी पूर्ण हक्कानं मतदार असतो. कायद्याचं यात काही चुकत नाही. पण आजीव आणि वार्षिक यांचं प्रमाण नऊला एक झालं की संस्था तिचा वापर करणाऱ्यांच्या हातात राहत नाही.

थकबाकीवरून सभेच्या दारात जी खडाखडी होते तिला कारण घटनेतली ढिलाई. ‘बाकी भरतो, आत्ता पावती फाडा’ असं म्हणणाऱ्याला मत द्यायचं की नाही? कायदा ‘त्या वेळी’ थकबाकी आहे का, एवढंच बघतो. भरली तर संपली. घटनेनं मात्र तारीख घालून दिली असेल, उदाहरणार्थ सभेच्या 30 दिवस आधीपर्यंत वर्गणी जमा हवी, तर तसं सूचनेतच छापावं. ते न करता दारावर बसलेल्या खजिनदारानं ओळखीच्या माणसाची पावती फाडायची आणि अनोळखी माणसाला नियम दाखवायचा, ही पद्धत पोलिसांना बोलवायला लावते.

आता वर्गांची नावं. ती ऐकायला भारदस्त असतात: आश्रयदाते, उपकारक, हितचिंतक, सन्माननीय, आजीव, साधारण, संस्था सभासद, विद्यार्थी सभासद. घटनेत प्रत्येकापुढे रक्कम लिहिलेली असते आणि तेवढ्यावर परिच्छेद संपतो. मत कुणाला, हे लिहायचं राहून जातं. मग पंचवीस वर्षांनी वाद होतो की हितचिंतकाला मत आहे का. लिहिलेलं नसेल तर त्याचं म्हणणं असतं, मी पैसे दिले, मी सभासद. समोरच्याचं म्हणणं असतं, पैसे देणगीचे होते, सभासदत्वाचे नव्हे. दोघांच्या हातात त्याच पावतीची झेरॉक्स असते. म्हणून प्रत्येक वर्गासमोर चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: मत देता येतं का, निवडणुकीला उभं राहता येतं का, गणसंख्येत मोजायचं का आणि सभेची सूचना पाठवायची का. चारही उत्तरं एकच असतील असं नाही. सन्माननीय सभासदाला सूचना पाठवतात, पहिल्या रांगेत बसवतात, पण मत सहसा देत नाहीत. संस्था सभासदाला एक मत असतं, पण ते कोण देणार याचं संस्थेच्या ठरावासह पत्र आधी आलेलं असावं लागतं. नाहीतर शाळेचे मुख्याध्यापक आणि शाळेच्या संस्थेचे सचिव दोघंही येऊन बसतात.

वाचनालयांत याहून मोठा गोंधळ ‘सभासद’ या शब्दाचाच आहे. अनामत ठेवून, दरमहा वर्गणी भरून पुस्तकं नेणारा स्वतःला सभासद म्हणतो, त्याच्या कार्डावरही तेच छापलेलं असतं. पण पुष्कळ घटनांत तो नुसता वाचक-वर्गणीदार असतो. त्याची अनामत ही संस्थेच्या ताळेबंदात देणं म्हणून बसते, सोडून जाताना ती परत मिळते. सभासदाची प्रवेश फी परत मिळत नाही. मत देण्याचा हक्क कार्यकारिणीनं अर्ज मंजूर करून नोंदवहीत चढवलेल्या माणसाचा. वीस वर्षं कादंबऱ्या नेणाऱ्या आजींना निवडणुकीच्या दिवशी ‘तुमचं नाव यादीत नाही’ असं ऐकायला लागतं तेव्हा नियम बरोबर असतो आणि कार्ड खोटं बोललेलं असतं. कार्डावर ‘वाचक’ असं छापायला काय जातं?

आश्रयदात्यांचं वेगळंच. क्रिकेटची पंढरी मानल्या गेलेल्या लॉर्ड्सवरच्या मेरिलबोन क्रिकेट क्लबची आश्रयदाती इंग्लंडची राणी होती, पण बायकांना 1998 पर्यंत सभासदत्व बंद होतं. स्थापना 1787 ची. फेब्रुवारी 1998 मध्ये बायकांना घेण्याचा ठराव मतदानाला आला, निम्म्याहून जास्त मतं बाजूनं पडली आणि तरीही ठराव पडला, कारण नियमाला दोन-तृतीयांश हवी होती. त्याच वर्षी सप्टेंबरात पुन्हा मतदान झालं तेव्हा तो पार पडला. प्रवेश कुणाला, हे आत असलेलेच ठरवतात, आणि बाहेरच्याला अर्थातच त्यात मत नसतं. जुन्या क्लबांत तर काळा-पांढरा गोळा पेटीत टाकून उमेदवाराचा निकाल लावायचे. ठरलेल्या संख्येइतके काळे निघाले की कारण न देता दार बंद.

आपल्याकडे काळ्या गोळ्याची जागा ‘फॉर्म संपलेत’ या दोन शब्दांनी घेतली आहे. अर्ज नाकारला तर कारण द्यावं लागेल, म्हणून तो नाकारतच नाहीत. ‘पुढच्या मीटिंगला ठेवू’. आणि याच संस्थेत निवडणुकीच्या तोंडावर एका बैठकीत 300 नवे सभासद मंजूर होतात. घाऊक भरतीचे हे प्रकार ओळखायला फार हुशारी लागत नाही. चार कागद शेजारी ठेवायचे: पावती पुस्तक, बँकेतल्या भरण्याची स्लिप, कार्यकारिणीचं इतिवृत्त आणि नोंदवही. खऱ्या भरतीत पावत्या पुढेमागे तारखांच्या, वेगवेगळ्या रकमांमध्ये मिसळलेल्या असतात. मधे एखादी हॉल भाड्याची, एखादी देणगीची. बनावट भरतीत 300 पावत्या सलग क्रमांकाच्या, एकाच शाईच्या, आणि बँकेत एकच ठोक रक्कम. कधी पावत्यांवर तारीख मार्चची आणि भरणा जूनमधला. इतिवृत्ताच्या वहीत दोन ओळींच्या मधल्या जागेत ‘तसेच सोबतच्या यादीतील अर्ज मंजूर’ असं बारीक अक्षरात घुसवलेलं, आणि सोबतची यादी कुठेच नाही. पुढे निवडून आलेली कार्यकारिणी बदल अर्ज, म्हणजे नव्या विश्वस्तांची नोंद करून घेण्याचा अर्ज, घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाते, तेव्हा हरकत घेणारे हेच चार कागद मागतात. बदल झाल्यापासून 90 दिवसांत अर्ज द्यायचा असतो. हरकती आल्या की तो किती वर्षं पडून राहील याला धरबंध नाही. एकावर एक तीन-चार कार्यकारिणींचे बदल अर्ज प्रलंबित असलेल्या संस्था मुबलक आहेत. कागदोपत्री विश्वस्त कुणी, चेकवर सही कुणाची.

यावर उपाय जुना आणि साधा आहे. सभासद झाल्यापासून एक वर्षानं मत, असं घटनेत लिहायचं. एवढ्यानं निवडणुकीपुरते आणलेले निम्मे गळतात, कारण वर्षभर धीर धरणारे गट थोडे. दुसरं, अर्हता दिनांक, म्हणजे ज्या दिवशीचे सभासद मतदार धरायचे तो दिवस, निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर होण्याच्या आधीचा हवा, नंतरचा नको. त्या दिवशीच्या नोंदवहीवरून कच्ची यादी, ती फलकावर किमान 15 दिवस, हरकतींवर लेखी निर्णय, मग पक्की यादी. आणि पक्की झाली की तिला कुणी हात लावायचा नाही, अध्यक्षांनीही. यादीत नुसतं नाव नको, सभासद क्रमांक आणि वर्ग हवा. एकाच नावाचे तीन जोशी प्रत्येक संस्थेत असतात.

टपालानं मतदान घेतलं की प्रश्न यादीवरून पाकिटावर येतो. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष अशा मतपत्रिकांनी निवडले जात, हे सगळ्यांना आठवत असेल. मतदार साधारण हजार-अकराशे. संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाच्या घटक, संलग्न आणि निमंत्रक संस्थांनी ज्यांची नावं कळवली तेवढेच. बाकी हजारो आजीव सभासदांना, लेखकांना, वाचकांना त्यात मत नव्हतं. कोऱ्या मतपत्रिका गोळा करून गठ्ठ्यानं भरल्या जातात, ही तक्रार दर निवडणुकीत व्हायची. 2018 मध्ये महामंडळानं घटना बदलून निवडणूकच काढून टाकली आणि जानेवारी 2019 च्या यवतमाळच्या संमेलनाला अरुणा ढेरे एकमतानं निवडलेल्या अध्यक्ष झाल्या. चांगला अध्यक्ष मिळाला, यात वाद नाही. पण पाकीट चोरीला जातं म्हणून पोस्टच बंद करण्यातलं हे औषध आहे. दुहेरी लिफाफा, आतल्यावर काही नाही, बाहेरच्यावर सभासद क्रमांक आणि सही, सहीची नोंदवहीतल्या सहीशी ताडणी, पाकिटं पोस्टातल्या पेटीत आणि मोजणीच्या दिवशीच उघडलेली: एवढं करून बघायला जागा होती.

मत कुणाला, हा वाद भारतीय क्रिकेट मंडळातही झाला; तिथे प्रश्न होता राज्याला की संघटनेला. मंडळाच्या सुधारणेसाठी सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या लोढा समितीनं जानेवारी 2016 मध्ये ‘एक राज्य, एक मत’ सुचवलं, सर्वोच्च न्यायालयानं 18 जुलै 2016 ला मान्य केलं. महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन संघटना. तेव्हा 41 वेळा रणजी जिंकलेल्या मुंबईनं मतासाठी पाळी लावायची वेळ आली. 9 ऑगस्ट 2018 च्या निकालानं तिघींना मत परत मिळालं. ब्रेबॉर्न स्टेडियम बांधणाऱ्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाला मात्र नाही.

वर्गांचा हा सगळा खेळ घराघरात पोचतो तो गृहनिर्माण सोसायटीत. 2019 मध्ये सहकार कायद्यात सोसायट्यांसाठी वेगळं प्रकरण आलं आणि सहयोगी सभासद व संयुक्त सभासद हे वेगळे झाले. भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) नाव आहे पण पहिलं नाही, तो संयुक्त. भागपत्रावर नाव नाही, पण सभासदाच्या लेखी संमतीनं त्याच्या जवळच्या नात्यातला माणूस आत घेतला, तो सहयोगी. सभासद वारला की नामनिर्देशित व्यक्ती वारस ठरेपर्यंत तात्पुरती सभासद. भाडेकरू नाममात्र सभासद. पाणी, लिफ्ट, गणपतीची वर्गणी सगळं त्याचं, मत नाही. हे लोकांना पटायला जड जातं, विशेषतः दुसऱ्या नावाचं. हप्त्याचा अर्धा भाग बायकोच्या पगारातून जातो, सोसायटीचं पाणी कधी येतं तिलाच माहीत, पण नवरा सभेला येऊन बसला की मत त्याचं. तो आला नाही तरच तिचं. फ्लॅट घेताना करारात कुणाचं नाव आधी टाकायचं हे इस्टेट एजंटच्या टेबलावर दोन मिनिटांत ठरलेलं असतं, आणि सभेतला हात तिथेच ठरून गेलेला असतो.

सोसायटीच्या या सवयीनंच मग माणसं वाचनालयात येतात. वडील वारलेले, त्यांच्या कपाटात आजीव सभासदत्वाची पिवळी पडलेली पावती सापडलेली. मुलगा विचारतो, बाबांच्या जागी माझं नाव लावता येईल का? भागपत्र वारसाकडे जातं, तसं हे जात नाही. घटनेत उलट लिहिलेलं नसेल तर सभासदत्व माणसाबरोबर संपतं. त्याला नवा अर्ज द्यावा लागतो, आजच्या दरानं रक्कम भरावी लागते, आणि एक वर्षानंतर मत. तो सोबत दाखल्याची प्रत देतो. पुढच्या बैठकीत ठराव होतो, कार्यवाह वही काढतात, पेन्सिलीचं ‘कै.’ खोडून त्याच रकान्यात शाईनं तारीख घालतात आणि नावावरून पट्टीनं लाल रेघ मारतात. क्रमांक तसाच राहतो. तो पुन्हा कुणाला देत नाहीत.